एक भाकर जास्तीची



या सदरातून आजवर पुष्कळ उपदेश केला. मुलांची लस चुकवू नका, बचतगटाचा हप्ता थकवू नका, मुलीला दहावीनंतर घरी बसवू नका. दुसऱ्याला सांगणे सोपे असते. आज माझ्याच घरातली गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मान थोडी खाली जाते.

मी अंगणवाडी सेविका. नाशिकपासून नव्वदएक किलोमीटरवर, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या सुरगाण्यात आमचे बिऱ्हाड. हे बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर कामाला. मूळ गाव निफाडकडचे, पण पोटासाठी इकडे आलो ते इकडचेच झालो. घरात आम्ही पाच माणसे: सासूबाई, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा.

गेल्या वर्षीचा आषाढ. सुरगाण्याचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवायचे. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. मुलगी सहाला उठली, वेणी घातली, अर्धा कप चहा घेतला, त्यात दोन खारी बुडवल्या, त्यातली एक कपातच विरघळली, आणि दप्तर पाठीला लावून पळाली. मीही मागोमाग निघाले. अंगणवाडीत साडेआठला तीस लेकरांना उसळ वाढत होते, तेवढ्यात शाळेच्या शिपाईमामांचा फोन आला. "ताई, घाबरू नका. पोरगी कवायतीला उभी होती, चक्कर येऊन पडली. आता शुद्धीवर आहे."

हातात पळी तशीच होती. दुसऱ्यांच्या तीस मुलांना वेळेवर नाश्ता घालणारी बाई मी, आणि माझी पोर उपाशीपोटी मैदानात पडली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर ताईंनी तिला पहिला प्रश्न विचारला, "काय खाऊन आलीस?" ती म्हणाली, "चहा." "आणि रात्री?" "भात-आमटी." "किती वाजता?" "साडेसातला." डॉक्टर ताईंनी काही न बोलता बोटे मोजली. साडेसात ते साडेसात बारा तास, वर कवायत. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ९.४. या वयाच्या मुलीला ते निदान १२ तरी हवे.

घरी आल्यावर तिचे दप्तर वाळवायला काढले, तर कंपासपेटीत अकरा निळ्या गोळ्या सापडल्या. शाळेत मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी देतात, त्या. खायची सोडून ही पेटीत टाकत होती. ओरडायला तोंड उघडले, तर पोर म्हणाली, "आई, उपाशीपोटी घेतली की मळमळतं. मग वर्गात उलटी होईल म्हणून मी घेतच नव्हते." खरे तर ती गोळी पोटात काही असतानाच घ्यायची असते. म्हणजे न्याहारी नाही म्हणून गोळी नाही आणि गोळी नाही म्हणून रक्त नाही, असा सगळा मामला.

ही एकट्या माझ्या घरची कथा असती तर सदरात लिहिली नसती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे हा अंक हातात घेऊन बसलेल्या दोघींपैकी एक. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत, त्यात जंत आहेत, पाळीतला जास्त रक्तस्राव आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत. पण सकाळी चहावर आणि दुपारी उरलेसुरले खाऊन दिवस काढणे हेही त्यातलेच एक मोठे कारण आहे, हे कोणत्याही बाईला डॉक्टरने सांगायची गरज नाही.

आता विचार करा, आपल्या लोकांत न्याहारी नव्हती का? होती. आपली आई-आजी पहाटे शेतावर मजुरीला जायची. ऊन कासराभर वर आले की बांधावर बसून फडके सोडायची. भाकर, ठेचा, कांदा, कधी कोरड्यास. ती न्याहारी. मालकही त्या वेळी काम थांबवायचा, कारण पोटात काही नसले तर हात चालत नाही हे त्यालाही कळत होते. मग आपण गाव सोडले, शहरात-तालुक्याला आलो, कुणी गिरणीत, कुणी एस.टी.त, कुणी झाडू खात्यात, कुणी शाळेत शिपाई लागले. कामाची वेळ घड्याळावर आली. बांध गेला आणि बांधावरची न्याहारीही गेली. तिच्या जागी आला चहा. चहाबरोबर खारी, बटर, पाव, दहा रुपयांचा बिस्किटपुडा. भूक मरते, पोट भरत नाही. आणि 'नाश्ता' म्हटला की पोहे, पोहे म्हटले की पाहुणे! घरच्या माणसांसाठी रोज सकाळी कोण कांदा चिरत बसणार?

इथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी बायका मी वीस वर्षे पाहते आहे. दिवाळी झाली की यांची गावेच्या गावे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला जातात. पहाटे जीपगाडीची वाट बघत उभ्या असतात तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत फडक्यात बांधलेली नागलीची भाकर असते. सोबत उडदाचे भुजे नाहीतर खुरासणीची चटणी. आम्ही नोकरीवाले, पगारवाले, त्यांच्याकडे बघून म्हणायचो, बिचाऱ्या काळी भाकर खातात. त्या काळ्या भाकरीवर त्या दहा तास उभ्या राहून घड छाटतात. आमची पोर खारीवर अर्धा तास कवायतीला उभी राहिली नाही.

तर त्या शनिवारी रात्रीच मी ठरवले, उद्यापासून घरात न्याहारी. सोपा उपाय सुचला: रात्री चार भाकरी जास्त थापायच्या आणि सकाळी कुस्करून फोडणीला टाकायच्या. दहा मिनिटांचे काम. रविवारी सकाळी तसे केले. कढईत मोहरी तडतडली, कांदा परतला आणि ताट मुलीपुढे ठेवणार इतक्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"शिळं घालती व्हय पोरीला?"

मी म्हटले, "आई, रात्रीचीच भाकर आहे. चांगली आहे."

"शिळं ते शिळं. येच्यासाठी आलो का आपण गावातून?"

आणि त्या ताट सोडून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतले नाही. भगिनींनो, मला आधी राग आला. म्हातारपणी लहर म्हटले. मग संध्याकाळी त्याच आपणहून बोलल्या. लहान असताना, आठ-नऊ वर्षांच्या, त्यांच्या आईबरोबर टोपली घेऊन गावात घरोघर भाकर मागायला जात. येसकराची पाळी असली की ती भाकर म्हणजे वर्षभर केलेल्या कामाची मजुरी. पण द्यायचे कसे? वरून टाकून. ताजी नव्हे, कालची, परवाची, कडक झालेली, कधी बुरा आलेली. घरी आणून ती पाण्यात भिजवायची आणि चुलीवर गरम करायची. "तवाच्या त्या वासानं अजून मळमळतं," सासूबाई म्हणाल्या. चुलीवर भाकरी कुस्करलेली पाहिली आणि त्यांना आपल्या आईची टोपली दिसली.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी जी परिषद झाली, तीत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले होते की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दुसऱ्याने टाकलेले शिळेपाके तुकडे खाणे सोडा. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना आठवते, हा भाग लवकर विसरला जातो. पण आपल्या घराघरांत तो पाळला गेला. कित्येक घरांत आजही रात्रीची भाकर सकाळी कोणी तोंडाला लावत नाही, गाईला घालतात, आणि का लावत नाही हे नव्या पिढीला ठाऊकही नसते. सासूबाईंच्या त्या रागात तेवढा इतिहास होता. त्यांना 'अडाणी' म्हणून मोकळे होणे मला जमले नाही.

त्याचबरोबर हेही खरे की मुलीला सकाळी खायला हवेच होते. मी रात्रभर विचार केला. सकाळी सासूबाईंजवळ बसून म्हटले, "आई, ती भाकर दुसऱ्याची होती. उरलेली होती. ही आपल्या पैशाच्या पिठाची आहे आणि उरलेली नाही, मुद्दाम केलेली आहे. रात्री आपण पोरीच्या नावाची एक भाकर जास्तीची थापायची, वेगळ्या फडक्यात ठेवायची. उरली तर बघू असे नाही. आधीपासून तिच्या नावाची." त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री भाकरी थापून झाल्यावर आतून एक धुतलेले पांढरे फडके आणून त्यांनी माझ्यापुढे टाकले. तेवढे पुरे होते.

तरीही फोडणीची भाकर त्या स्वतः खात नाहीत. मीही आग्रह धरत नाही. त्यांच्यासाठी घरात दुसरी गोष्ट सुरू झाली आणि ती आता सगळ्यांचीच झाली आहे. ती म्हणजे नागलीची आंबील.

सुरगाण्याच्या डोंगरउतारावर भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके. नागलीला तुम्ही कुणी नाचणी म्हणत असाल. हे धान्य कोठीत वर्षानुवर्षे ठेवले तरी त्याला सहसा कीड लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नागलीत ३४० ते ३६० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, दाखवला आहे. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तो जेमतेम १० मिलिग्रॅम असतो. हाडांना, वाढत्या मुलींना, अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून स्वस्त काय मिळणार? २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरात हीच नागली चकचकीत पुड्यांत विकायला ठेवलेली दिसते. आणि जिथे ती पिकते तिथली पोरे बिस्किटे मागतात. असो.

एक मात्र स्पष्ट सांगते. नागली खाल्ली की रक्त भरभर वाढते असे जे सांगतात ते पूर्ण खरे नाही. लोह तिच्यात आहे, तांदळापेक्षा बरेच आहे, पण हिमोग्लोबिन ९ वर आले असेल तर नुसत्या आंबिलीने ते भरून निघत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावीच लागते. आंबिलीचे काम असे की पोटाला आधार मिळतो आणि गोळी सोसते.

आंबील करायची रीत. पाच माणसांसाठी एक वाटी नागलीचे पीठ. रात्री जेवणे झाली की दोन वाट्या पातळ ताकात ते गुठळी न राहता कालवायचे आणि मडक्यात किंवा स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायचे. ताक नसेल तर साधे पाणी आणि आदल्या दिवशीच्या आंबिलीचे दोन चमचे विरजण. पावसाळ्यात आमच्याकडे गारठा असतो, म्हणून डबा चुलीजवळ ठेवते. उन्हाळ्यात लवकर आंबते, तेव्हा रात्री उशिरा भिजवायचे. सकाळी चार वाट्या पाण्यात मीठ, जिरे, चार पाकळ्या ठेचलेला लसूण टाकून उकळी आणायची. मग एका हाताने भिजवलेले पीठ ओतायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. इथे हात थांबला की गोळे झालेच समजा. सात-आठ मिनिटांत ती चकाकते, कच्चा वास जातो. ओल्या बोटाने टेकवून पाहा, बोटाला चिकटली नाही म्हणजे शिजली. वर कांदा बारीक चिरून, आणि असेल तर खुरासणीची चटणी. आंबवण्याचा एक फायदा असा की धान्यातले लोह अंगी जास्त लागते. मुलाला आंबट आवडत नाही, त्याच्यासाठी बिनताकाची पेज काढून त्यात गूळ घालते. त्याचे नखरे संपले की मीही सुटेन.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडला, कारण हे आमचे हिशेबाशिवाय ऐकत नाहीत. पूर्वी रोज खारी-बिस्किटांचे वीस रुपये जात, म्हणजे महिन्याचे सहाशे. नागली मी इथल्या बाजारात पंचेचाळीस रुपये किलोने घेतली. दळण धरून एक किलो पिठात आठ सकाळी निघतात. ताक, कांदा, लसूण धरले तरी महिन्याला तीनशेच्या आतच. उरलेल्या पैशात आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांना एकेक उकडलेले अंडे. अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिने असतात आणि करायला अक्कल लागत नाही. आंघोळीचे पाणी तापते तेवढ्यात ती उकडून निघतात.

रोज आंबील मात्र घालू नका, पोरे कंटाळतील आणि दोष न्याहारीला देतील. आमच्याकडे भाकरी मोडून फोडणीची होते, तीत मूठभर शेंगदाणे आणि कांदा भरपूर. शेवटी लिंबू पिळायचे, कारण आंबटाने लोह अंगी लागायला मदत होते. एक दिवस धिरडी: नागलीचे पीठ आणि डाळीचे पीठ निम्मे-निम्मे, हिरवी मिरची, कोथिंबीर, पातळ कालवून तव्यावर. मोड आलेली मटकी असली तर ती नुसती वाफवून मीठ-लिंबू. कुणाच्या घरी सकाळी चूल किंवा गॅस पेटवायलाच वेळ नाही, त्यांनी रविवारी नागलीचे पीठ मंद आचेवर खमंग भाजून, त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ घालून लाडू वळून ठेवावेत. आठ दिवस टिकतात. दोन लाडू आणि एक केळे हातात दिले तरी पोर चालता चालता खाते. पोहे रविवारी. पाहुणे आले नाहीत तरी.

भातावर भरवसा ठेवताना जरा सांभाळा. रात्रीचा भात लवकर गार करून झाकून ठेवला आणि हिवाळा असला तर सकाळी फोडणीला चालतो. उन्हाळ्यात वास आला, बोटाला तार लागली, की तो टाकायचाच. गरम केल्याने तसला बिघडलेला भात सुधारत नाही. आणि चहा सोडा असे मी म्हणणार नाही, माझाच सुटलेला नाही. फक्त तो न्याहारीबरोबर घेऊ नका, तासभर मागे ढकला. लोहाची गोळी तर चहाबरोबर आणि दुधाबरोबर कधीच नको, कारण मग ती घेतली काय न घेतली काय.

सकाळच्या पेजेची थोरवी आपल्याला नवी नाही. विनयपिटकातल्या महावग्गात अंधकविंद गावचा प्रसंग आहे. एका ब्राह्मणाने भिक्खूसंघासाठी पेज आणि मधाचे गोळे आणले, तेव्हा तथागतांनी पेजेचे दहा फायदे सांगितले आणि भिक्खूंना ती घेण्याची परवानगी दिली. पालीत पेजेला 'यागु' म्हणतात. ती भूक शमवते, तहान भागवते, वारा सरळ करते, कोठा साफ ठेवते, बळ देते, बुद्धीला तरतरी देते, असे ते फायदे. दुपारनंतर न जेवणारा संघ सकाळच्या अन्नाला किती मानत होता, ते यावरून दिसते. विहारात वर्षावासात धम्मवाचन करणाऱ्या भगिनींनी हा भाग एकदा जरूर वाचून दाखवावा. माझ्या सासूबाईंना तो वाचून दाखवला, तेव्हापासून आंबील भिजवण्याचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले आहे. "तुझ्या हातची पातळ होती," म्हणतात.

आता एक अडचणीची गोष्ट. मुलीला वाढले, मुलाला वाढले, यांचा डबा भरला, सासूबाईंना वाटीत दिले, आणि मी उभ्या-उभ्या भांड्याला लागलेले खरवडून तोंडात टाकले आणि पळाले. पंधरा दिवस हेच चालले होते. एकदा मुलीनेच पकडले. म्हणाली, "डॉक्टर ताई तुझं रक्त तपासायचं म्हणत होत्या, विसरलीस?" तपासले. माझे १०.१. म्हणजे मला भाषण करायचा अधिकार राहिला नाही. आता घरात नियम असा झाला आहे की पाच वाट्या एकदम भरायच्या आणि सगळे बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. यासाठी पंधरा मिनिटे आधी उठावे लागते. ती पंधरा मिनिटे हे उठतात, मी नाही. अंडी सोलणे, कांदा चिरणे, वाट्या मांडणे त्यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, पण पोर पडली तेव्हा दवाखान्यात तेही होते. बंधूंनो, हे तुमच्यासाठी लिहिले आहे. तुम्ही हे पान वाचत नाही असे दाखवता, पण वाचता हे मला ठाऊक आहे.

नोव्हेंबरनंतर आमच्या गल्लीत दुसराच प्रश्न उभा राहिला. समोरच्या दोन घरांतले आईबाप द्राक्षाच्या कामाला गेले. पोरे म्हाताऱ्या आजीजवळ. आजीला डोळ्याने नीट दिसत नाही. पोरे सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि आमच्या वाट्यांकडे बघत. अशा वेळी दार लोटून घेणारे काळीज आपले नाही. पाच वाट्यांच्या नऊ झाल्या. एक वाटी पिठाऐवजी दोन. त्याने कुणाचे दिवाळे निघाले नाही.

तेव्हा मला वाचलेली एक गोष्ट आठवली. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. त्यांच्या बंदुका आणि घोषणा सर्वांना माहीत आहेत. पण जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड शहरातल्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांना रोज सकाळी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि वर्षाच्या आत ते काम कितीतरी शहरांत पसरले, हे फार थोड्यांना माहीत असते. उपाशी मुलाच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. आपल्या देशात तमिळनाडू सरकारने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या नाश्त्याची शिफारस आहे. आपल्या शाळांत दुपारची खिचडी आहे, ती मोठी गोष्ट आहे. पण खिचडीची घंटा होईपर्यंत गणिताचा तास होऊन गेलेला असतो.

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. समाजमंदिराच्या ओट्यावर, द्राक्षांचा हंगाम असेपर्यंत, आठवड्यातून सहा दिवस एक पातेले आंबील. पीठ घरटी महिन्याला एक किलो. एकीने विचारले, "नगरपंचायतीला अर्ज करायचा का?" मी म्हटले, अर्ज जरूर करू, पण पोरांना उद्या सकाळी भूक लागणार आहे. दोघीजणी तयार झाल्या, तिघी विचार करून सांगते म्हणाल्या. एका काकूंनी स्पष्ट सांगितले की हे आपल्याच्याने चार दिवसांपलीकडे होणार नाही. त्यांचे म्हणणे खरे ठरेलही. आजचा एकविसावा दिवस आहे.

मुलीचे हिमोग्लोबिन फेब्रुवारीत तपासले, ११.३ भरले. बाराला अजून कमी आहे. निळी गोळी ती आता न्याहारी झाल्यावर माझ्यासमोर घेते आणि घेतल्यावर जीभ बाहेर काढून दाखवते, तिला वाटते मी अजून विश्वास ठेवत नाही. खरेच ठेवत नाही.

तुमच्या घरी, तुमच्या भागात सकाळी झटपट होणारे, स्वस्त आणि पोटभरीचे काय करतात ते एका कार्डावर मापासकट लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. विदर्भातल्या भगिनींनी ज्वारीच्या कण्यांचे, मराठवाड्यातल्या भगिनींनी बाजरीचे आवर्जून लिहावे. निवडक कृती पुढच्या महिन्यात इथेच देईन. आता रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत, सासूबाई आतून विचारताहेत की उद्या किती वाट्या भिजवायच्या. समोरच्या घरातली पोरे धरून उद्या अकरा आहेत.